काठाकडची वीण

"येमूल अंबुजा, थेंब टाकायचेत."
तीनदा टाकले. बाहुल्या मोठ्या झाल्या
आणि भिंतीवरचं कॅलेंडर आधी तारखा विसरलं,
मग महिना.

मी आले होते चष्मा टाकायला.
साडेसात नंबर, सहावीपासून चढत गेलेला.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
शाळेचे युनिफॉर्म इस्त्री करते मी:
दर कॉलरला वाफ, दर वाफेला आंधळी,
ओढणीनं काचा पुसायच्या, पुढची कॉलर.
भिशी लागली, तेव्हा ठरवलं.

कलशेट्टी बाईंनी कपाळावर दिवा बांधला.
"वर बघ. डावीकडं. अजून डावीकडं."
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

ते न बोलणं माझ्या ओळखीचं होतं.
माग थांबला की नायना असाच
टॉवेल उजेडासमोर धरायचा,
मधला पन्ना नाही, काठ बघायचा,
जिथं ताण पडतो, जिथं सूत आधी विरतं.

"पडदा काठाकडं पातळ झालाय," बाई म्हणाल्या,
"जाळी पडलीय. उजव्यात एक भोक आहे, बारीक."
मी म्हणाले, पण दिसतंय की सगळं.
"ते दुखत नाही, बाळ. म्हणून तर शोधावं लागतं."

पावतीच्या मागं त्यांनी डोळा काढला,
वांग्यासारखा लांबट.
नंबर पुढून घासून काढता येतो,
डोळा काही आखूड होत नाही.
मागं पडदा ताणलेलाच,
चष्मा असो, नसो.

तर आधी मागचं काम.
भोकाभोवती हिरव्या ठिणग्या,
मोजल्या मी बेचाळीसपर्यंत, पुढं कपाळ ठणकलं.
रफू ना हे? विचारलं.
बाई हसल्या. रफूनं भोक बुजतं;
हे नुसते भोवतीनं टाके,
फाट पुढं जाऊ नये म्हणून.

बाहेर सात रस्त्यावर मे महिना.
उघड्या बाहुल्यांत सगळं सोलापूर एकदम घुसलं,
रिक्षाची काच, रसाच्या गाड्याचा पत्रा,
पांढरं, पांढरं.
नायनानं दंड धरला.
त्याला जवळचं दिसत नाही, मला लांबचं;
दोघांत मिळून एक रस्ता ओलांडला.

चष्मा गेला जुलैत.
समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीत
मोर दिसला. मोराचा डोळासुद्धा.
कारखान्यात वाफ येते, जाते,
कॉलर जिथल्या तिथं.

चष्म्याच्या रिकाम्या डबीत बाईंची चिठ्ठी आहे:
वर्षातून एकदा दाखवायचं, विसरायचं नाही.
वीज चमकल्यासारखं झालं,
काळे ठिपके अचानक वाढले,
कोपऱ्यातून सावली उतरली,
तर त्याच दिवशी यायचं. उद्या नाही.

म्हणून रात्री दिवा घालवल्यावर
मी एक डोळा झाकते, मग दुसरा,
अंधाराचा काठ चाचपत.
पलीकडच्या खाटेवरून नायना विचारतो,
"दिसतंय का काही?"
नाही, काहीच नाही.
"मग बरंय," म्हणतो, आणि कूस बदलतो.