चार सेंटिमीटर पाणी

पित्ताचे खडे शोधायला गेलो होतो म्हापशाच्या इस्पितळात.
मशीनवाल्या मुलीने गार मलम लावलं,
दांडा कुशीवरून फिरवता फिरवता थांबली,
पुन्हा त्याच जागी परत आली,
आगरात पाय घसरल्यावर माणूस चाचपतो, तशी.

डाव्या मूत्रपिंडावर, वरच्या टोकाला,
चार सेंटिमीटर पाणी.

पाण्याचं मला काय सांगता?
आगरवाड्याला चाळीस वर्षं पाणीच अडवलंय.
भरतीला मानस उघडायची,
खाडी आत घ्यायची, वाफ्या-वाफ्यातून फिरवायची,
उन्हाचा वाटा उन्हाला देऊन
उरलेलं फळीने ओढायचं.
अडवलेल्या पाण्याने काहीतरी द्यावं लागतं,
असा माझा हिशोब.
हे तर नुसतंच बसलेलं.

आणि मग आठवला सगुण.
माझा धाकटा भाऊ.
दोन्ही मूत्रपिंडं फणसातल्या गऱ्यांसारखी फोडांनी ठासलेली,
आठवड्यातून तीनदा डायलिसिस,
हातावरची शीर दोरखंडाएवढी;
बोट ठेवलं की आत होडीचं इंजिन चालल्यासारखी थरथर.
छप्पन्नाव्या वर्षी गेला.

डॉक्टर आल्दिनाने रिपोर्टच्या पाठीवर
चवळीचा दाणा काढला,
त्याला एक फुगा चिकटवला.
"पातळ भिंत. आत पडदे नाहीत, खडे नाहीत, मांसल काही नाही.
असली सिस्ट वयाबरोबर येते, केस पिकतात तशी.
भावाचं वेगळं. ते घराण्यातून येतं.
तुम्हाला असतं, तर त्रेसष्टाव्या वर्षी
एकटीच सापडली नसती."

मग काढून टाका की, म्हटलं.
"कशाला? ती काही मागत नाही तुमच्याकडे.
वर्षाने या, पुन्हा मोजू.
कुशीत दुखलं, ताप आला, लघवी लाल झाली, तर थांबू नका."

आणि वाढली तर?
तर पाठीतून सुई घालून पाणी काढतात,
स्पिरिटसारखं औषध आत फिरवून भिंत सुकवतात.
तरी कधी कधी परत भरते.
मग दोन-तीन भोकं पाडून, दुर्बिणीने,
तिचं नुसतं छप्पर कापतात.

हे मला लगेच कळलं.
बांध फुटलेल्या वाफ्यात पाणी कुठे थांबतंय.

कागदाची घडी खिशात घातली. सुटलो म्हणून उठलो.
"बसा जरा," म्हणाली. "भावाला मुलं किती?"

एकच. रोहिदास. एकतीस वर्षांचा.
जहाजावर असतो, भटारखान्यात. मे महिन्यात लग्न.

"त्याला सोनोग्राफी करून घ्यायला सांगा.
असण्याची शक्यता निम्मी, नसण्याचीही निम्मी.
आधी कळलं तर रक्तदाब ताब्यात ठेवता येतो,
वर्षं वाचतात."

निम्मी.
बसमध्ये कोलवाळचा पूल येईपर्यंत
मी तेवढा एकच शब्द चघळत होतो.
जहाजाच्या मेडिकलमध्ये हे कळलं तर?
मुलीकडच्यांना कळलं तर?
नाहीच कळलं तर?

रविवारी फोन आला, कुठल्याशा बंदरातून.
"काका, रिपोर्ट बरा ना?"
बरा, म्हटलं. माझा बरा.

मग आमच्या दोघांमधलं पाणी
बराच वेळ नुसतं ऐकू येत राहिलं.

"रोही," मी म्हटलं,
"जहाजावर प्रेशर मोजायचं यंत्र असतं काय रे?"