पिवडी

ओटा म्हणजे काय, नऊ फूट बाय चार.
शहाबादी फरशी, त्यातली एक दुभंगलेली,
पाय पडला की टक् करते,
अंधारातही कळतं, कुणीतरी आलं.
भिंतीला पोपडे. गजांना गंज.
आणि दाराच्या डावीकडे, बसत्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर
ताटलीएवढा तेलकट काळा गोल.
मिल बंद पडल्यापासून
मामंजींचं डोकं तिथंच टेकतं.

यंदा विडीचा बोनस आला.
सातशे बाजूला काढले, कुणाला न सांगता.
कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला:
चुना पाच किलो, पिवडी एक किलो, कुंचा एक,
डिंक.
दुकानदार म्हणाला, घ्या की ओ, चाळीसचा तर हाय,
रंग हाताला लागणार नाही.
मी डिंकावर काट मारली.
चाळीस म्हणजे चाळीस.

गजांसाठी शटरवाल्या हुसेनकडं
डब्याच्या तळाशी उरलेला रंग मागितला.
निळा म्हणून दिला, उघडला तर मोरपिशी.
फुकटच्या रंगाला
नाव विचारायचं नसतं.

शिरीषाच्या बाबांनी मागावरून
सुताचे रिकामे कोन आणले, पिशवीभर.
उलटे टांगले, मूठ मूठ माती घातली,
टोकाला भोक आधीचंच, जास्तीचं पाणी आपोआप गळतं.
एकात सदाफुली, एकात ओवा,
तीन नुसतेच,
कारण रोपं संपली.
बाकड्यावर कारखान्यातली डागी चादर,
किलोवर तोलून घेतलेली.
विणताना कुठंतरी धागा तुटला असणार,
मोराला पिसारा आहे, पाय आहेत,
मान नाही.

तीन दिवस मामंजी समोर, इरम्माच्या पायरीवर.
पहिल्या दिवशी तेलुगूत म्हणाले, एंदुकु?
मग इरम्माला कळावं म्हणून कन्नडात, याक?
मग जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना, मराठीत,
कशाला?
त्यानंतर बोललेच नाहीत.
ऊन सरकेल तसे सरकत राहिले,
पाठीमागे भिंत नसलेल्या माणसासारखे.

मी पिवडीचा पहिला हात मारला. गोल वर आला.
दुसरा मारला. पुन्हा आला.
तेलावर चुना बसत नाही,
हे मला रंगवाल्यानं सांगितलं असतं,
पण रंगवाल्याचेच पैसे तर वाचवले होते.
तिसरा हात जाड दिला, तिथंच,
शेणानं भोक लिंपावं तसा,
आणि कुंचा बादलीत टाकून विड्या वळायला बसले.
सूप मांडीवर, हजार पुरी व्हायची होती.

त्या रात्री वीज गेली.
टक्, फरशी म्हणाली.
कुणीतरी बसलं, सुस्कारा सोडला.
मी आतून काही बोलले नाही.

सकाळी मामंजी नेहमीप्रमाणे चहाला निघाले,
धोतर स्वच्छ, टोपी हातात, कारण उकाडा.
पांढऱ्याशुभ्र केसांत, बरोबर मागे,
ताटलीएवढा पिवळा गोल.
अख्खा पूर्व भाग तसाच चालून गेले.
कुणीतरी ओरडलं म्हणे,
राजय्या, हळद लागली का बे या वयात?
हात मागे नेला, बोटं बघितली.
चिडले नाहीत, असं हॉटेलवाला सांगतो.
म्हणाले, सुनेनं ओटा रंगवलाय.
आणि बोटं धोतराला पुसली.

दुपारी मिलमधले दोघे आले, रंग बघायला.
एक जॉबर होता, एक रंगखात्यातला.
रंगखात्यातल्यानं नखानं भिंत खरवडली,
डिंक नाही घातला, म्हणाला.
मी पाण्याचे तांबे ठेवले आणि आत गेले.

तिघे बिनमानेच्या मोरावर बसले,
ऊन उतरेपर्यंत उठले नाहीत.
गेले तेव्हा बघितलं:
भिंतीवर आता तीन गोल आहेत,
एक जुना, दोन नवे, फिकट.
आणि गावात कुठंतरी
दोन पिवळी डोकी घरी चालली होती.

चाळीसचा डिंक
पुढच्या हप्त्याला आणते, असं म्हटलं होतं.
अजून आणलेला नाही.