साखळीवरून

सुकांती हरमलकरची कारकीर्द
मला विचाराल, तर मी साखळ्यांवरून सांगेन.

पहिली गंजलेली. सायकल मामाची.
मांद्र्याच्या दुकानात उलटी टांगली
तर सीटच्या नळीतून चमचाभर वाळू गळली.
"पाण्यातून निघते नि तशीच चढते," म्हणाली.
वय तेरा. पायांत काही नाही.
केरीला फेरीबोट सुटायच्या आधी ही उडी टाकायची,
भरती बघून, आणि तेरेखोलच्या धक्क्यावर
केस पिळत उभी राहून
बोटीतून उतरणाऱ्यांना विचारायची:
कितलीं वाजलीं?

दुसरी साखळी मी उधारीवर दिली.
तिसरी कुठल्याशा कंपनीने.
मग मोजणं सुटलं.
चोपड्याच्या पुलावर पाच वाजता एक लाल दिवा,
पेडण्याच्या चढावर साडेपाचला तोच,
आणि माझ्या भिंतीवर कात्रणं, तेलाच्या बोटांनी चिकटवलेली:
मिरामारच्या वाळूत ती, तोंड उघडं,
डोक्यावर घड्याळ. चार तास चव्वेचाळीस.

लोक विचारत, तिघांतलं तिचं खरं कुठलं?
पोहणं, सायकल, की धावणं?
मी म्हणायचो, बदलणं.
अंगावर पाणी असताना हेल्मेटची कडी लागणं,
ओल्या टाचेने बूट शोधणं, न बघता.
दुकानामागे, फणसाखाली,
तीन वर्षं आम्ही तेवढंच घोटलं.
तिच्या हातात टॉवेलही नको असे.
बेचाळीस सेकंद. एकदा एकोणचाळीस,
पण तेव्हा माझा अंगठाच उशिरा पडला असेल.

गुडघा गेला ते तिने कुणाला सांगितलं नाही.
मला कळलं. डाव्या बुटाचा क्लीट नव्यासारखा,
उजवा झिजून कागद.
मी दोन्ही बदलून दिले, बिलात एकच लिहिला.
त्या वर्षीही ती जिंकली. चौथ्यांदा.
हार घालायला आमदार आले, ती वाकली नाही;
पेपरात आलं, गर्विष्ठ.

परवा आली. अडतीसची झाली.
तीच काळी, कार्बनची सायकल, बोटावर उचलता येईल अशी.
"हिला कॅरियर बसव.
मासळी आणायची असते."
म्हटलं, अगो, हिला भोकंच नाहीत,
हिच्यावर दुसरं काही लादायचं असं
बनवणाऱ्याच्या डोक्यातच नव्हतं.
"मग पट्ट्या मार," म्हणाली.

पट्ट्या शोधायला मी आत गेलो.
पाना सापडेना, मग सापडला.
ती स्टुलावर बसून राहिली,
पाय लांब करून, चहा संपेपर्यंत,
संपल्यावरही.
समोरच भिंतीवर घड्याळ आहे.