चौकट

ओटावाहून आली तेव्हा ती दोनशे चौदा पानांची होती.
सोबत रंगीत तक्ता: वर सेवा, मध्ये माहिती, तळाला यंत्रं,
आणि खोक्याखोक्यांतून धावणारे बाण.
एकही बाण कुठे अडखळत नव्हता.

गिलेन तिबोदो फोनवर म्हणाली,
आम्ही वापरतोय, तुम्ही वापरा, पुढे गावांनाही द्या,
फुकट आहे.
सेंट जॉन्सच्या आमच्या कचेरीत
फुकट या शब्दावर कुणी फार वेळ विश्वास ठेवत नाही.
तरी घेतली. साठ पानं गाळली,
मुखपृष्ठावर आमच्या प्रांताचं फूल टाकलं
(आमचं फूल किडे खातं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं).
मधल्या मजल्यावरच्या माणसाचं काम एवढंच:
वरचं खाली द्यायचं, खालचं वर,
आणि दोन्हीकडच्या शिव्या आपल्यापाशी ठेवून घ्यायच्या.

पाच तास गाडी, मग बोट, मग लोअर स्पिलर.
वस्ती एकशे त्रेसष्ट.
बंबाच्या शेडमागे एक खोली, ते नगरपालिकेचं दप्तर;
वरच्या खणात पाणीपट्टी, खालच्यात अर्धे विणलेले हातमोजे.
डॉर्कस पिन बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत होती.
मी दुसरा चहा संपवला.
एकतिसाव्या पानावर बोट थांबलं.
पत्ता: वास्तूचा कायमचा गुणधर्म.

"कायमचा?"

ती मला खिडकीपाशी घेऊन गेली.
"ते हिरवं दिसतंय ना, ओबेडचं.
बेट रिकामं करायला लावलं तेव्हा ते पाण्यावरून आलं.
खाली तेलाची पिंपं बांधली, सहा होड्यांनी ओढलं.
मी पाच वर्षांची, इथे किनाऱ्यावर उभी.
घर आलं, खिडकीतला पडदा तसाच.
तुमच्या वहीत तो जमिनीचा तुकडा नंबर अमुक.
ओटावाच्या वहीत घर अजून बेटावर आहे,
म्हणून ओबेडच्या सुनेला शेगडीचं अनुदान मिळत नाही:
ओसाड बेटावर थंडी वाजणार कुणाला?"

"आणि तुमच्या वहीत?"
तिने पान उलटून दाखवलं.
हिरवं. खालची वाट. दार ढकलून उघडा.

"ढकलून का?"
"त्या प्रवासात दाराची चौकट पिळली.
तीन सुतार आले. चौकट बदलायची तर भिंत काढा म्हणाले.
मग काय, दारच तासलं. दर हिवाळ्याला थोडं थोडं.
आता वारा येतो."

मला वाटलं ती घराबद्दलच बोलतेय.
परतीच्या बोटीत, धुकं एवढं की भोंग्यालाही किनारा सापडेना,
तेव्हा लक्षात आलं, आणि लाजही वाटली.
गुडघ्यावर पान एकतीस धरून
"कायमचा" खोडलं, वर लिहिलं: "तारखेसह".

या एका शब्दाला वर चढायला चौदा महिने लागले.
तीन समित्या, एक दुभाषी,
फ्रेंचमध्ये तो शब्द कसा बसेल यावर आख्खा एक बुधवार.
गिलेन भांडली त्याच्यासाठी; ते मला फार उशिरा कळलं.
नव्या आवृत्तीत तो आला, बारीक अक्षरात,
एका खोक्याच्या कोपऱ्यात, तिथून निघणारा बाण तुटक.

मग युकॉनमधल्या कुठल्याशा गावाची चिठ्ठी आली,
मी नकाशात शोधलं तेव्हा सापडलं.
आमच्याकडे जमीन खालून वितळते, त्यांनी लिहिलं होतं,
चार वर्षांत अकरा घरं सरकवली,
आजवर दरवेळी ती कागदावर मरायची आणि नवी जन्मायची.
हे "तारखेसह" कुणाचं?

मी चिठ्ठी डॉर्कसला धाडली.
काय उत्तर येईल याची थोडी आसही धरली.
आठवड्याने आलं, पाणीपट्टीच्या पावतीमागे लिहिलेलं:

त्यांना सांगा, ओबेडचं.
अनुदान मंजूर झालं.
मंजुरीचं पत्र बेटावर गेलं होतं.
टोबायस खेकड्यांचे सापळे बघायला गेला होता तिकडे,
घेऊन आला.