समुद्र नसलेल्या देशात

पहाटे साडेचारला निवतीच्या बंदरात
गार्ड यंत्र पुढे करतो. बाबा अंगठा टेकवतात.
यंत्र म्हणतं, पुन्हा.
बाबा अंगठा लुंगीला पुसतात, टेकवतात.
पुन्हा.
मग तर्जनी. मग डावा हात.
जाळ्याच्या दोरांनी पस्तीस वर्षांत
एकेक रेष ओढून नेली पाण्यात,
आणि आता त्या सरकारला हव्यात.

"सोड रे तेका," मागच्या होडीतून कोणीतरी,
"सगुण तांडेल तो. वळाखतंव आमी."
गार्ड नवा आहे, लातूरकडचा.
ओळखण्याचं बटण यंत्रावर नाही.
तो वही काढतो, हाताने नाव लिहितो.
मी टॉर्च धरते.

माझी दहाही बोटं व्हिसाच्या काचेवर
पहिल्या फटक्यात उमटली होती.

ब्र्नोमध्ये मी एक सत्र काढलं.
विषय आंतरराष्ट्रीय सुरक्षा, त्यात एक पेपर सागरी.
त्या देशाला समुद्र नाही.
फोनवर हे सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "मगे थंय राखतत काय?"

चौथा मजला, हीटरजवळचा बाक,
खाली वळणावर ट्राम किंचाळायची.
बाईंनी पडद्यावर अरबी समुद्र लावला.
आमचा किनारा तांबड्या तुटक रेघेत,
वर एकच शब्द. मी तो वहीत मराठीत घेतला:
सच्छिद्र.

सच्छिद्र म्हणजे आईची तांदूळ निथळायची रोवळी.
सच्छिद्र म्हणजे जाळं.
आस केवढा ठेवायचा, काय सोडायचं, काय धरायचं,
यावर आमच्या घरात तीन पिढ्या भांडणं झाली.
बोट दाखवून सांगावंसं वाटलं,
ह्या दोन तुटक्या रेघांच्या मधे, बाई,
तिथे आत्ता आई खारवलेले बांगडे उलटत असेल.
सांगितलं नाही.
हात वर करून किनारी रडारबद्दल विचारलं.

शेजारी तामार बसायची, जॉर्जियाची.
तिच्या मामाच्या गावात कुंपण रात्री चालतं.
एका सकाळी सफरचंदं पलीकडे,
मामा अलीकडे, हातात रिकामी टोपली.
वर्गात ती हे कधी बोलली नाही.
मला सांगितलं हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात,
सोलकढी गुलाबी का असते हे विचारून झाल्यावर.
मीही मग सांगितलं:
मी पहिलीत होते त्या वर्षापासून
पाण्यावर दिसणारा प्रत्येक जण आधी संशयित असतो, मग शेजारी.
तिने पेला पुढे केला. अजून थोडी.

शेवटचा निबंध वीस पानांचा.
भाषणांत आम्हाला समुद्रावरचे डोळे आणि कान म्हणतात,
तिथून सुरुवात केली.
बोटांबद्दल कोणी काही म्हणत नाही,
म्हणून सातव्या पानावर एक वाक्य घातलं:
या कामात बोटांचे ठसे झिजतात.
बाईंनी समासात पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने,
लिहिलं होतं: याला संदर्भ?

मी तळटीप टाकली. वडील.
खोडली.
एका अहवालाचं नाव शोधलं, पान क्रमांक दिला,
अहवालात ते नव्हतं.
गुण बरे पडले.

होडी आता खडकांपलीकडे.
इंजिनाचा आवाज आधी बारीक होतो, मग दिवा.
गार्ड वही काखेत मारून धक्क्याच्या कडेशी येतो,
खाली वाकून बघतो.
"ताई, हितं पाणी किती खोल हाय?"

ओहोटीला कमरेएवढं, मी सांगते.
भरतीला तुमच्या डोक्यावर दोन हात.

तो एक पाऊल मागे घेतो.
खिशातून पेन काढतो
आणि वहीच्या शेवटच्या पानावर
ते लिहून ठेवतो.