नाडी

भरती करताना आम्ही मुलांच्या नाड्या काढून घेतो.
बुटांच्या, हुडीच्या, पायजम्याच्या.
पाकिटात घालतो, वर नाव, तारीख.
मग मनगट धरून दुसरी नाडी मोजतो,
जी काढून घेता येत नाही.

येर्को. वय पंधरा. ठोके चौसष्ट.
बाप खेकड्यांच्या बोटीवर, महिना महिना बाहेर.
आई दारात उभी, हातात त्याचं दप्तर,
जणू तासाभरात त्याची शाळा आहे.

पुन्ता अरेनासमध्ये जूनचा सूर्य
दहाला उगवतो आणि साडेपाचला
दुकान बंद करतो.
तो उगवला की मी येर्कोला विचारते,
काल काय निभावलं?
काही नाही.
मी वहीत लिहिते: काही नाही. दहा वाजून वीस.
तो मान तिरपी करून बघतो,
बाई खरंच लिहितेय का.

सांतियागोहून एक तज्ज्ञ आल्या होत्या शिकवायला.
पडद्यावर चेंडू दाखवला. आपटला, उसळला.
मुलं अशी घडवायची, म्हणाल्या.
जेवण चांगलं होतं त्या दिवशी.
मी या वॉर्डात बावीस वर्षं आहे,
एकही मूल उसळताना पाहिलं नाही.
तग पाहिलाय.
तग उसळत नाही. धरावा लागतो,
आणि धरून धरून हात भरून येतात.

नवव्या दिवशी: दात घासले.
जरा थांबून: खालचे.
मी लिहिलं, खालचे.
चौदाव्या दिवशी काही नाही.
पंधराव्या दिवशी तेवढंही नाही,
नुसतं पांघरूण, आणि त्याखाली
कुणीतरी असल्याचा आकार.

मी खुर्ची ओढून बसले.
बोलायचं नव्हतं, म्हणून रेडिओ लावला.
बोटींसाठीचं हवामान लागलं होतं:
पश्चिमेचा वारा, ताशी एकशे दहा,
लाटा पाच मीटर.
पांघरुणातून आवाज आला,
बाबा आज खाडीतच थांबेल.

वहीकडे हात गेला होता. आवरला.
हो का, म्हटलं. कुठल्या खाडीत?
त्याने नाव सांगितलं.
मग दुसरं, तिथे जागा नसेल तर.

सप्टेंबरात पाकीट परत दिलं.
तो बाकावर बसून नाड्या ओवू लागला.
एकीचं टोक पिंजलं होतं,
थुंकी लावून वळलं, पुन्हा घातलं,
एक भोक चुकलं, सगळं उसवलं.
आई वाकली मदतीला.
मी तिचा कोपर धरला. वीस मिनिटं
आम्ही दोघी कामं नसल्यासारख्या उभ्या होतो.

बाहेर वारा असा की
पालिकेने चौकाच्या कोपऱ्यांवर दोर बांधले होते,
माणसं उडू नयेत म्हणून बांधतात ते.
येर्को दोरापाशी थांबला.
दोराकडे बघत राहिला.
मी दोराकडे, आणि त्याच्याकडे.
बावीस वर्षं दोर दिसला की
माझ्या पोटात जे होतं, ते झालं.

मग त्याने तो धरला, उघड्या हाताने,
आणि दुसरा हात मागे आईकडे केला.
ती दप्तर सांभाळत होती, तिला दिसला नाही लगेच.
हात तसाच मागे राहिला.
मी दारात, अंगात कोट नाही.

डिसेंबरात तो परत आला.
रात्री दहापर्यंत उजेड होता, तरी आला.
मी पाकीट काढलं, नाव लिहिलं.
मनगट धरलं. अठ्ठ्याहत्तर.
काल काय निभावलं, हे विचारवेना, तरी विचारलं.
इथवर आलो, म्हणाला.

मग वाकून स्वतःच नाड्या ओढल्या,
बोटीवरचा दोर गुंडाळतात तशा
बोटांभोवती गुंडाळल्या, दोन वेगळ्या वेटोळ्या,
आणि माझ्या तळहातावर ठेवल्या.
नीट ठेवा, म्हणाला.
लागतील.