रेवता, हे वाचजो

पुस्तकाले कव्हर नाई, सुरुवातीचे चार पानं नाईत,
तवा नाव काय, लिवनारा कोन, मले इचारू नको.
आर्वीच्या रद्दीवाल्याकडून आनलं, वीस रुपयाले.
तो तर तोलून द्याले तयार होता,
मीच नाई म्हनलं.

गोष्ट तुले ठाव हाय.
दात याच्या आंधी सगळ्याइले ठाव असते:
एक घर शेनाचं, एक मेनाचं,
पानी आलं, एक वाह्यलं,
अन् दुसऱ्याचं दार काई केल्या उघडत नाई.
बावीस वर्स झाले, अंगनवाडीत मीच सांगतो,
खिचडी शिजेपर्यंत.
दार ठोकाचं आलं का वरनाच्या डब्यावर बोटं वाजवतो,
पोट्टे हासतेत.
कावळ्यावर हासाची सवय मीच लावली त्याइले.

मंग एक डाव पेंदामाची माही, चार वर्साची,
नाक पुसता पुसता म्हने,
"बाई, तो रातभर कुठी बसला?"
मी म्हनलं, खिचडी झाली, हात धुवा.

तेच इथं लिवलं हाय. तो कुठी बसला.
वाह्यलेले घरं कुठी जातेत, ते बी.
नदीच्या बुडाशी एक गाव हाय म्हने,
अख्खं वाहून आलेल्या घराइचं,
कवाडं, उंबरठे, एक देव्हारा, कोंबड्याचं खुराडं,
अन् रातीले घरं एकमेकाइले
आपल्या मानसाइचे नावं सांगतेत,
जसं लसीच्या दिवशी तू रजिस्टर वाचते.
शेनाच्या घराले काई सांगता येत नाई.
त्याले मालकानं कधी नाव सांगतलंच नोतं.
तिथं मी लाइट बंद केला अन् बसून राह्यली.

खरं सांगतो, मधातले साठ पानं रटाळ हायेत.
मासोळ्याइची कचेरी, तिचे कायदे, कायद्याचे पोटकायदे.
लिवनाऱ्याले तहसिलीचा राग असन.
शेंगा सोलता सोलता वाच,
पन सोडू नको, तिथं एक म्हातारी मासोळी हाय,
तिचं बोलनं पुढं कामात येते.

मंग उन्हाळा लागते.
रेवता, इतके वर्स मी सांगून राह्यली,
इतके वर्स नवतप्यात टिनाखाली पोराइले घेऊन बसली,
तू लसीचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून आनते,
अन् दोघीतल्या एकीच्या बी डोक्यात आलं नाई
का मेनाचं घर
इकडच्या मे महिन्यात
काय करन.

लिवनाऱ्याच्या डोक्यात आलं.
आधी उंबरठा मऊ होते, पिल्लाचे पाय रुततेत,
मंग कोनाडा खाली येते. पान एकशे अठ्ठ्यान्नव,
तिथं हळदीचा डाग हाय, तो माहा.
मंग ती निंघते, पंखाखाली पिल्लू घेऊन,
भर दुपारी, सावली नावाले नाई,
अन् आता तीच दुसऱ्याच्या दारासमोर उभी हाय.

पुढचं मी नाई सांगत.
इतकंच, मले जे वाटलं होतं ते होत नाई,
अन् त्याच्या उलटं बी होत नाई.

तू म्हनशीन, मी काय पोट्टी हाय का,
पाखराइच्या गोष्टी वाचाले.
ड्यूटीचे चार गावं, पंक्चर स्कूटी, सासूची शुगर.
तर एक एक पान वाच.
खरांगण्याच्या पुलावर काम चालू हाय, गाड्या थांबतेत, तिथं वाच.
पान मुडपू नको, बसचं तिकीट टाकून देल्लं हाय.

अन् वापस करजो. काऊन ते बी सांगतो.
सोमवारी मी तीच गोष्ट सांगाले बसली, जुनीच.
पानी आलं, घर वाह्यलं,
डब्यावर बोटं ठेवले
अन् वाजवलेच नाई.
पोट्टे वाट पाहत राह्यले.
माही म्हने, "बाई, दार?"

मले अजून समजलं नाई काय करू.
तुहं वाचून झालं का, एखाद्या गुरुवारी,
वजनकाटा टांगाच्या आंधी
दहा मिनिटं बस माह्यापाशी.